खेळायचं पीठ

एक जंगल होतं. ते फार दूर नव्हतं आणि ही हकीगत फार जुनीही नाही, त्यामुळे फार फार वर्षांपूर्वी वगैरे म्हणून मी तुमची फसवणूक करत नाही. जंगलाचं नाव सुखवन. पूर्वी त्याला करवंदीचं रान म्हणत. करवंदं संपली तेव्हा सरकारने नाव बदललं, आणि नाव बदलण्याचा समारंभ इतका थाटात झाला की करवंदांची चौकशी करायचं सगळे विसरले.

सुखवनाचा राजा होता झुबकेराव अस्वल. राजा म्हटलं तरी निवडून आलेला राजा. दर पाच वर्षांनी सगळे प्राणी मोठ्या वडाखाली जमायचे. झुबकेराव हात जोडून विचारायचा, "ज्याला मी नको असेन त्याने खुशाल पुढे यावं." पुढे यायची वाट त्याच्या दोन पंजांमधूनच होती. तो दरवेळी एकमताने निवडून येत असे.

झुबकेरावाला मुलं फार आवडायची. निदान तो मुलांच्या जवळपास दिसायचा तरी. सरकारी टिटवी रोज सकाळी आकाशातून बातम्या द्यायची, त्यात एक बातमी ठरलेली असे. "टिटिव् टिटिव्! महाराजांनी आज हरणाच्या पाडसाच्या डोक्यावरून पंजा फिरवला. पाडस सुखरूप आहे."

सुखवनात सगळ्यांचं खाणं एकच, तांदळाचं पीठ. अस्वल, हरीण, वानर आणि साळिंदर हे सगळे तांदळाचं पीठ कसे खातात असं ज्याला विचारायचं असेल त्याने प्राणिशास्त्राचं पुस्तक घ्यावं. हे राज्यशास्त्र आहे.

तर ओळीने दोन पावसाळे कोरडे गेले. पीठ, मीठ आणि तेल, तिन्ही सरकारी कोठारात होतं आणि कोठाराची किल्ली कोठारमंत्री मुसंडेराव रानडुकराच्या गळ्यात. आधी घरटी एक ओंजळ पीठ मिळायचं, मग अर्धी, मग चिमूट. टंचाईच्या सुरुवातीला मुसंडेराव कोठाराच्या दारातून सरळ आत जायचा. पुढे पुढे त्याला तिरकं होऊन जावं लागे. दार आकसलं आहे असं त्याने सरकारला कळवलं आणि दार रुंद करायचं काम तातडीने हाती घेण्यात आलं. दुष्काळ हा शब्द वापरायला तेव्हाच बंदी आली. त्याऐवजी "हलका ऋतू" म्हणायचं ठरलं. प्राणी खरंच हलके होत चालले होते, त्यामुळे शब्द चुकीचा आहे असंही म्हणता येईना.

या सुखवनात नदीकाठच्या बिळात साळूताई नावाची साळिंदरीण राहायची. नवरा पलीकडच्या रानात काही मिळतं का ते पाहायला गेला होता आणि अजून पाहतच होता. तिला एकच पोर, काटुल. अंगावरचे काटे अजून मऊ, पाय काडीसारखे, आणि बोलण्यात मात्र कुणाला हार न जाणारा.

काटुल भातुकलीत पटाईत होता. सुखवनातली सगळी पिल्लं भातुकली खेळायची. पळसाची पानं मांडायची, मातीच्या भाकऱ्या थापायच्या, एकाने यजमान व्हायचं, बाकीच्यांनी पाहुणे. खेळाचा नियम पिल्लापिल्लाला ठाऊक होता. पाहुण्याने भाकरी उचलायची, ओठांपर्यंत न्यायची, मचमच आवाज करायचा, "छान झालंय हं" म्हणायचं आणि भाकरी परत पानात ठेवायची. हे लुटुपुटूचं जेवण. मग शेवटी कुणाची तरी आई खरा खाऊ घेऊन यायची, चिमूटभर पीठ भाजून, गुळाचा खडा असला तर तो घालून. खाऊ खाल्ला की खेळ संपला. खाऊशिवाय भातुकली संपतच नाही.

हलका ऋतू सुरू झाल्यावर आया खाऊ आणीनात. पिल्लं पानं मांडून बसून राहायची. खेळ संपेना, घरी जाता येईना. ऊन उतरेपर्यंत वाट पाहायची आणि मग एकेक करून रडायला लागायची. बघता बघता साऱ्या रानातली पिल्लं एका सुरात रडू लागली, आणि तो आवाज नेमका झुबकेरावाच्या दुपारच्या झोपेत शिरला.

"ही मुलं का रडतात?" झुबकेरावाने विचारलं. "माझ्या राज्यात मूल रडतं म्हणजे काय! समिती नेमा."

समिती नेमली. अध्यक्ष घोरपडबाई. त्यांनी एकदा एखादी जागा पकडली की त्या सुटत नसत, एवढ्या गुणावर त्या सर्व समित्यांच्या अध्यक्ष होत्या. मुलं का रडतात हे मुलांनाच विचारायचं, असं समितीने ठरवलं. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. पण नदीकाठी जायचं म्हणजे ऊन, धूळ, आणि रडण्याचा आवाजही फार. म्हणून समितीने घरच्या घरी आपापल्या मुलांना विचारलं.

घोरपडबाईंचं पोर जेवून लोळत पडलं होतं. ते म्हणालं, "कंटाळा येतो. खेळायला काही नाही."

मुसंडेरावाच्या सगळ्या पोरांनी हेच सांगितलं. सर्वांचं उत्तर एक आलं, म्हणजे शंकेला जागाच उरली नाही. समितीचा निष्कर्ष असा निघाला की सुखवनातली मुलं खेळण्यांच्या अभावी रडतात.

मग खेळणी कशाची करायची यावर चर्चा झाली. एक म्हातारा ससा सभेत चुकून शिरला होता. तो म्हणाला, "नदी आटलीय, चिखलमाती मुबलक आहे. पोरं मातीचीच खेळणी करतात की."

मुसंडेराव एकदम उठला. "माती? महाराजांच्या लेकरांच्या हातात माती? शेजारचं रान काय म्हणेल? पीठ द्या! मऊ, पांढरंशुभ्र, तांदळाचं पीठ! त्याची उकड काढायची, तेलाचा हात लावायचा, टिकावं म्हणून मीठ घालायचं. आपल्या लेकरांना आपण पिठाने खेळवू!"

मुसंडेरावाचं हृदय इतकं मोठं असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. त्याची अडचण वेगळीच होती. कोठार अर्ध्याहून रिकामं झालं होतं आणि आज ना उद्या कुणीतरी विचारणार होतं, पीठ गेलं कुठे? आता उत्तर तयार झालं. मुलांच्या खेळात गेलं. मुलांच्या खेळाचा हिशेब मागणारा नतद्रष्ट सुखवनात अजून जन्मला नव्हता.

योजनेचं नाव ठरलं "बालआनंद पीठगोळा". मोठ्या वडाखाली झुबकेरावाने भाषण केलं.

"माझ्या लाडक्या बंधूंनो, भगिनींनो आणि पिल्लांनो! मागच्या राज्यकर्त्यांनी तुम्हाला काय दिलं? फक्त खायला दिलं! खाल्लं, संपलं! आम्ही तुम्हाला असं पीठ देतो आहोत की जे संपणार नाही. कारण ते खायचंच नाही! जगात असं एकतरी रान दाखवा जिथे मुलं पिठाने खेळतात! उपाशी रान कधी पिठाने खेळेल का?"

"नाही!" पुढच्या रांगेतून आवाज आला. पुढच्या रांगेत समिती बसली होती.

"हाती गोळा!" टिटवी ओरडली.

"मनी सोहळा!" सगळ्यांनी म्हटलं. म्हटलं नाही तर चिमूटही मिळणार नव्हती. आणि ती नाहीच मिळाली, कारण पिल्लांचं खेळून होईपर्यंत मोठ्यांचं वाटप थांबवण्यात आलं.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक पिल्लाला एकेक गोळा मिळाला. कुणाला पळसफुलांनी रंगवलेला केशरी, कुणाला जांभळाच्या रसातला जांभळा. गोळा हातात पडल्यावर काटुलने तो हुंगला आणि धावत बिळात आला.

"आई! पीठ! खरं पीठ!"

साळूताईने गोळा घेतला, दाबून पाहिला, जिभेला लावून पाहिला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "देवमाणूस हाय गं बाई ह्यो अस्वल," ती म्हणाली. "म्होरं व्हऊन पीठ वाटायला लाजत आसंल, म्हून ख्येळाचं नाव क्येलंय."

तिने भाकरी थापली. नदीकाठच्या प्रत्येक बिळात, ढोलीत आणि जाळीत त्या दिवशी भाकरी थापली गेली. केशरी भाकरी, जांभळी भाकरी. पिल्लांनी खाल्ली, आयांनी कडेचा तुकडा खाल्ला, आणि बऱ्याच दिवसांनी सुखवनात कुणी रडलं नाही.

गुहेत झुबकेरावाने कान टवकारले. शांतता. "बघा!" तो म्हणाला. "खेळणी मिळाली आणि रडणं थांबलं. समितीचं अभिनंदन करा." योजना यशस्वी झाल्याची बातमी टिटवीने दिवसभर दिली.

पण खेळणी दिली म्हणजे क्रीडानिरीक्षक आलेच. निरीक्षक होता वानर, नाव लटकेबुवा. सरकार कुणाचंही असो, तो त्या सरकारच्या फांदीवर असायचा. तो घरोघर हिंडला.

"खेळणं दाखवा."

"पोटात गेलं, साहेब."

दुसऱ्या घरी, "पोटात." तिसऱ्या घरी, "निम्मं माझ्या, निम्मं पोराच्या." लटकेबुवाने डोक्याला हात लावला. अख्ख्या रानाने सरकारी खेळणी खाऊन टाकली होती.

सरकारला फार दुःख झालं. झुबकेराव म्हणाला, "मी त्यांना आनंद दिला आणि त्यांनी तो शिजवला." त्याच संध्याकाळी कायदा झाला. सरकारी खेळणं खाणं, शिजवणं किंवा खाण्याच्या नजरेने पाहणं हा गुन्हा. शिक्षा म्हणजे लेकराबाळांसह रानाबाहेर. रानाबाहेर नुसता तापलेला कातळ होता. तिकडे गेलेल्या कुणीही परत येऊन तो कातळ कसा आहे ते सांगितलं नव्हतं.

आणि पुढच्या वेळचे गोळे कुणी खाऊच नयेत म्हणून त्यांत मुठीमुठीने मीठ घातलं आणि कडुनिंबाचा रस ओतला. ज्या रानात भाकरीला लावायला मिठाचा खडा नव्हता, तिथे गोळ्यांना मीठ घासून लावलं जात होतं. ज्या घरांत दिव्याला तेल नव्हतं, त्या घरांत पोरांची खेळणी तेलाने चकाकत होती. मला हे सांगताना हसू येत नाही, पण सरकारी समारंभात सगळे हसत होते, म्हणून नोंदवून ठेवतो.

या दुसऱ्या खेपेचा गोळा आला तेव्हा काटुल तापाने फणफणला होता. पाय उचलत नव्हते. साळूताईने घरात होतं नव्हतं ते सगळं संपवलं होतं. मुळ्या उकरून झाल्या, सालं चघळून झाली. वैदू भारद्वाज येऊन म्हणाला, "औषध कसलं देऊ? पोटात अन्न न्हाई त्याच्या. पेज पाज. चार दिस पेज पाजलीस तर उठंल, न्हाईतर..."

तिने गोळ्याकडे पाहिलं. खाण्याच्या नजरेने पाहिलं, म्हणजे पहिला गुन्हा तिथेच घडला. मग तिने तो कुस्करला, डबक्याच्या पाण्यात भिजत घातला. पीठ तळाशी बसलं की वरचं खारट पाणी ओतून द्यायचं, पुन्हा नवं पाणी. असं करत करत दिवस मावळला. मीठ बरंचसं गेलं. कडूपणा गेला नाही. तिने त्याची पेज शिजवली आणि काटुलच्या तोंडाला लावली.

काटुलने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "आई, हे खेळणं हाय का जेवण?"

"गीळ," साळूताई म्हणाली.

"पण मग मचमच करून परत ठिवू का खरंच गिळू?"

"खरंच गीळ रं माझ्या राजा." पोराने डोळे मिटून सगळी पेज गिळली.

पेज शिजल्याचा वास सुखवनात आता इतका दुर्मिळ झाला होता की तो लपणं शक्यच नव्हतं. लटकेबुवा वासावर आला.

"शिजवलंस?"

"व्हय साहेब. पोराला ताप हाय."

"ताप आलाय तर ताप खाली आण. खेळणं कशाला घशाखाली नेतेस? आता खटला होणार, साळूताई. तू आणि तुझं पोर, दोघं कातळावर."

साळूताई त्याच्या पायाशी बसली. "मला न्या. त्याला हितं ठिवा. त्यो कातळावर एक दिस न्हाई काढायचा."

लटकेबुवाने काटुलकडे पाहिलं आणि त्याला एक कल्पना सुचली. चार दिवसांनी बालमहोत्सव होता. शेजारच्या रानाचे दूत, सारसराव, खास पाहायला येणार होते. सुखवनात उपासमार आहे असं त्यांच्या कानावर गेलं होतं आणि त्यांनी निरोप पाठवला होता, "गरज असेल तर धान्याच्या शंभर गोण्या पाठवतो." आता गोण्या घ्यायच्या म्हणजे गरज आहे असं कबूल करायचं. ते शक्य नव्हतं. त्याऐवजी दूताला आनंदी मुलं दाखवायची असं ठरलं होतं. अडचण एवढीच होती की खेळू शकतील इतकी धडधाकट मुलं समितीच्याच घरी होती, आणि त्यांना भातुकली येत नव्हती. त्यांच्या घरी लुटुपुटूचं जेवण कधी कुणाला माहीतच नव्हतं.

"तुझं पोर भातुकलीत यजमान होतं ना?" लटकेबुवा म्हणाला. "उभं राहील असं कर त्याला. महाराजांसमोर हसतखेळत भातुकली झाली तर खटल्याच्या वेळी मी एखादा चांगला शब्द टाकीन. रडलं तर मात्र माझा इलाज नाही."

गंमत अशी की काटुलला उभं करायला पेज लागणार होती. लटकेबुवाने दुसरीकडे पाहत एक जादा गोळा बिळात ठेवला आणि "हा सरावासाठी" असं म्हणून निघून गेला. साळूताईने रोज थोडा थोडा सराव शिजवला. चौथ्या दिवशी काटुल पायांवर उभा राहिला.

महोत्सवाला मोठ्या वडाखाली मांडव घातला होता. नदीकाठची ज्यांना बसता येत होतं ती पिल्लं पानं मांडून बसली. ज्यांना बसता येत नव्हतं त्यांना झाडाला टेकवून ठेवलं होतं. लांबून ती निवांत दिसत होती. सारसराव एका पायावर उभे राहून कौतुकाने पाहत होते.

"पाहिलंत?" झुबकेराव म्हणाला. "तुम्ही गोण्या पाठवायचं म्हणता. आमच्याकडे तर मुलं पिठाने खेळतात!"

काटुलने जांभळ्या गोळ्याच्या भाकऱ्या थापल्या. सगळ्यांच्या पानांत वाढल्या. पिल्लांनी भाकरी उचलली, ओठांशी नेली, मचमच केलं, "छान झालंय हं" म्हणाली आणि भाकरी परत पानात ठेवली. एका हरणाच्या पाडसाची भाकरी ओठांशी जरा जास्त वेळ रेंगाळली. त्याची आई मांडवाबाहेरून पाहत होती. तिने डोळे वटारले, तेव्हा त्याने ती खाली ठेवली.

मग काटुल आपल्या काडीसारख्या पायांनी चालत झुबकेरावासमोर गेला. "घ्या पावनं. जेवा."

आता इथे एक घोटाळा झाला, आणि तो फक्त झुबकेरावाच्याच हातून होऊ शकत होता. सुखवनातल्या शेंबड्या पिल्लालाही ठाऊक असलेला नियम त्याला ठाऊक नव्हता. पुढ्यात आलेली वस्तू न गिळता परत ठेवायची असते, ही गोष्ट त्याला उभ्या आयुष्यात कुणी सांगितली नव्हती. त्याने अख्खी भाकरी तोंडात टाकली, चावली आणि गिळली.

मीठ आधी लागलं. कडुनिंब मागून आला. झुबकेरावाचे डोळे पांढरे झाले, नाकातून पाणी आलं, मानेवरचे केस ताठ उभे राहिले. थुंकावं तर पाहुणे समोर. मोठ्या कष्टाने झुबकेराव म्हणाला, "छा... छान... झा..." आणि पाण्यासाठी नदीकडे धावला. नदीत पाणी नाही हे त्याला तेव्हाच पहिल्यांदा कळलं.

सारसराव काटुलकडे वाकले. "बाळ, महाराजांनी खाल्ली. तू का नाही खाल्लीस?"

"खाल्ली की आईला कातळावर हाकलत्यात," काटुल म्हणाला. "महाराजांना आई न्हाई वाटतं."

साळूताईने डोळे घट्ट मिटून घेतले. सारसरावांनी झाडाला टेकवलेल्या पिल्लांकडे पाहिलं, त्यांच्या फासळ्यांकडे पाहिलं, पानांतल्या जशाच्या तशा भाकऱ्यांकडे पाहिलं. ते हुशार होते. त्यांना सगळं समजलं. साळूताईला वाटलं, आता हा मोठा पक्षी ओरडेल, गोण्या मागवेल.

सारसरावांनी पाय बदलला. मुसंडेरावाला त्यांनी हळूच बाजूला घेतलं. "मुलं आमच्याकडेही रडतात हो," ते म्हणाले. "या गोळ्याची कृती मिळेल का?"

शंभर गोण्या आल्या नाहीत. त्याऐवजी दोन्ही रानांत मैत्रीचा करार झाला.

दुसऱ्या दिवशी खटला उभा राहिला. न्यायाधीश होते खवल्या मांजर, अप्पा शास्त्री. निर्भीड म्हणून त्यांची ख्याती होती, कारण अवघड प्रश्न समोर आला की ते अंगाचा गोळा करत आणि मग त्यांना कशाचीच भीती वाटत नसे.

लटकेबुवाने आरोप वाचला. "साळूताई साळिंदरीण हिने सरकारी खेळणं शिजवून पोराला पाजलं."

"तुला काही सांगायचंय?" अप्पा शास्त्रींनी विचारलं.

साळूताई उठली. तिच्या मागे नदीकाठचं सगळं रान उभं होतं. "पाजलं, साहेब. खोटं कशाला बोलू? पण काल मांडवात महाराजांनीबी खाल्लं. समद्यांनी बघितलंय. मला कातळावर धाडा, पण मग महाराजांचंबी गाठोडं बांधा. कायदा दोगांना येकच आसंल न्हवं?"

गर्दीतून "खरं हाय, खरं हाय" अशी कुजबुज उठली. अप्पा शास्त्रींनी तिच्याकडे पाहिलं, झुबकेरावाकडे पाहिलं, आणि पाहता पाहता त्यांचा गोळा झाला. फक्त खवले दिसू लागले. मुसंडेराव लगबगीने त्यांच्याजवळ गेला आणि खवल्यांच्या फटीशी तोंड नेऊन बराच वेळ काहीतरी बोलला. मग गोळ्याच्या आतून निकाल ऐकू आला.

"न्यायालयाने कायद्याचा बारकाईने विचार केला आहे. भूक लागलेली असताना खेळणं खाल्लं तर तो गुन्हा होय. पोट भरलेलं असताना खाल्लं तर तो खेळ होय. महाराजांचं पोट काल भरलेलं होतं, हे सर्वांना दिसत होतं. सबब महाराज खेळले."

टाळ्या वाजल्या.

"आता आरोपी," आतला आवाज म्हणाला, "तू आणि तुझं पोर त्या दिवशी भुकेलेले होता काय?"

साळूताईने झुबकेरावाकडे पाहिलं. तो सकाळपासून पाणी पीत होता आणि आता बरा दिसत होता. तिने गर्दीकडे पाहिलं. हो म्हण, असं सगळ्यांच्या डोळ्यांत होतं. एकदा कुणीतरी भर न्यायालयात मोठ्याने हो म्हणायला हवं होतं, आणि ती म्हणाली असती तर कदाचित सगळेच म्हणाले असते. ती एकटी असती तर म्हणालीही असती. पण तिच्या पायाशी काटुल उभा होता, आणि त्याच्या मागे दुपारच्या उन्हात तो कातळ चकाकत होता.

"न्हाई," साळूताई म्हणाली. तिच्या पोटातून तेव्हा इतका मोठा आवाज आला की पहिल्या रांगेलाही ऐकू गेला. "आमची प्वाटं भरल्याली हुती."

"निर्दोष," गोळा म्हणाला.

तिच्यावर रागावू नका. मी रागावलो होतो, पण मला पोर नाही.

त्यानंतर जे झालं ते फार शिस्तीत झालं. ज्या ज्या घरात गोळा शिजला होता, त्या प्रत्येक घरातले प्राणी रांग लावून न्यायालयात आले आणि शपथेवर सांगून गेले की आमचं पोट भरलेलं आहे. म्हातारा ससा तर सांगता सांगता चक्कर येऊन पडला. त्याला अजीर्ण झालं असावं असं समितीचं मत पडलं. सगळं रान स्वतःच्या तोंडाने तृप्त आहे म्हटल्यावर पीठ वाटायचं काही कारणच उरलं नाही. कोठार कायमचं बंद झालं. त्याचं नवं रुंद दार तेवढं छान झालं होतं.

निवडणूक आली. झुबकेराव वडाखाली उभा राहून म्हणाला, "विरोधक म्हणतात की सुखवनात भूक आहे. नाही असं मी म्हणत नाही, तुम्ही म्हणता! शपथेवर म्हणता! ज्याला मी नको असेन त्याने पुढे यावं." कुणी पुढे आलं नाही. पुढे यायला अंगात ताकद लागते.

विजयाची मेजवानी झाली. साऱ्या रानाला आमंत्रण होतं. लांबच लांब पंगती बसल्या, पळसाची पानं मांडली, आणि मुसंडेराव स्वतः प्रत्येक पानाशी वाकून रिकाम्या पळीने आग्रह करकरून वाढत होता. प्राण्यांनी पानातून हात उचलला, ओठांशी नेला, मचमच केलं. "छान झालंय हं," सगळं रान एका सुरात म्हणालं. टिटवीने ते चार दिशांना पोहोचवलं.

पंगत उठली तरी काटुल पानावरून हलेना.

"ऊठ की," साळूताई म्हणाली.

"खाऊ आल्याबिगर कसं उठू? खाऊ खाल्ला की खेळ संपतो." त्याने रिकामं पान नीट सरळ केलं. "आई, ह्यो खेळ कधी संपतो?"

"पाच वर्सांनी," साळूताई म्हणाली.

"मग खाऊ मिळतो?"

"मग पानं बदलत्यात."